वडिलांच्या ओठांवर

धंद्यात त्याला नावाने कोणी हाक मारत नसे. कार्बन म्हणत, कार्बन कॉपीतला. तोंडावर नव्हे, पण मेकअपच्या खोलीचं दार कुठलंच नीट लागत नाही आणि चोपन्न वर्षांच्या माणसालाही कान असतात.

आजोबा नट, बाप नट, म्हणून हा नट. बापाला अख्खा धंदा दादा म्हणायचा, घरीही दादाच. दादांचा खर्ज, दादांचं वाक्य तोडणं, दादांचं मान वळवणं, सगळं ह्याला हुबेहूब यायचं. पहिल्या कामाला लोक म्हणाले, वडिलांची आठवण झाली. तिसाव्या कामाला तेच वाक्य शिवीसारखं तोंडावर मारलं. मधल्या काळात तो बदलला नव्हता. लोक कंटाळले होते, एवढंच. आणि दादा? त्यांनी मुलाचं प्रत्येक काम पहिल्या रांगेत बसून पाहिलं आणि दर वेळी एकच शेरा दिला: पाठांतर चोख होतं. 'नट' हा शब्द त्यांनी मुलासाठी जन्मात वापरला नाही. तेवढ्या एका शब्दासाठी हा पठ्ठ्या तीस वर्षं तोंडाला रंग फासत राहिला.

मग दादांचं अर्धं अंग गेलं, बोलणंही गेलं. शेवटच्या सिनेमाचं चित्रीकरण उरकलं होतं, डबिंग राहिलं होतं. सेट लाकडाच्या गिरणीला लागून, त्यामुळे तिथे टिपलेल्या आवाजात करवतीखेरीज काही ऐकू येत नव्हतं. निर्मात्याने फोनवर साखर पेरली. तुमच्याशिवाय हे कोण करणार, म्हणाला. फक्त नाव कुठे द्यायचं नाही, लोकांना दादाच ऐकू आले पाहिजेत. ज्या गोष्टीवरून आयुष्यभर शिव्या खाल्ल्या तीच आज कुणीतरी हात जोडून मागत होतं. तो हो म्हणाला.

डबिंगची खोली म्हणजे भिंतींना स्पंज, एक माईक, समोर पडदा आणि काचेपलीकडे रेकॉर्डिस्ट बाई. बाई भर दुपारी स्वेटर घालून बसायच्या, कारण यंत्रांना गारवा लागतो, माणसांचं कोण विचारतो. पडद्यावर दादा. नोकरी गमावलेला, भावाच्या दारात राहायला जागा मागणारा म्हातारा. त्याने कागद समोर धरला आणि दादांचा खर्ज लावला.

बसेना. अकरा वेळा घेतलं, अकराही वेळा बसेना. कधी दादांचे ओठ मिटलेले आणि याचं वाक्य चालूच, कधी ओठ हलताहेत आणि हा गप्प. शेवटी तो चिडला. "ताई, हा आवाज मी तीस वर्षं काढतोय."

"आवाज दादांचाच आहे," बाई म्हणाल्या. "तोंड त्यांचं नाहीये."

बाईंनी आवाज बंद करून तोच तुकडा परत लावला, परत, परत. "मघाशी चहा मागितलात ना माझ्याकडे?" त्या म्हणाल्या. "तसं बोलून बघा."

आता त्याला दिसलं. पडद्यावरचा म्हातारा वाक्य सुरू करायचा, पहिला शब्द गिळायचा, पुन्हा सुरू करायचा. अंगठा हनुवटीखालून फिरवायचा. आणि समोरच्याने नकार देण्याआधीच उगाच हसून घ्यायचा, म्हणजे नकार देणाऱ्याला जड जाऊ नये. हे दादांचं नव्हतं. दादांनी उभ्या जन्मात कुणाकडे असं काही मागितलं नव्हतं. हा तो स्वतः होता.

चहा मागितल्यासारखं तो बोलला. पहिल्याच टेकला ओठांवर ओठ बसले.

बाहेरून टाळ्या वाजवणाऱ्यांना अभिनयाचं घराणं म्हणजे संस्कार वाटतात. घंटा संस्कार. त्या घरात एकच नियम होता: घरातलं काही वाया घालवायचं नाही. आजीची मुलगी गेली तेव्हा आजोबा कोपऱ्यात उभे राहून आजीचं रडणं बघत होते. आठव्या दिवशी ते रडणं रंगमंचावर होतं आणि थिएटर उठून उभं राहिलं. आजी पुन्हा नाटकाला गेली नाही. जेवताना दादा समोर असले की ठसकायचीसुद्धा घरच्यांना चोरी. हे सगळं त्याला ठाऊक होतं. पण आपल्याकडूनही कोणी काही उचलेल, हे त्याच्या स्वप्नातही नव्हतं. उचलण्यासारखं होतं काय आपल्याकडे? आणि आता कळलं, काय होतं ते. हरलेला माणूस हवा होता, तो घरातच सापडला.

जिन्यातूनच त्याने निर्मात्याला फोन लावला. आवाजाखाली माझं नाव येईल, नाहीतर उरलेलं दादांकडूनच वदवून घ्या. निर्माता गडबडला. म्हणाला, अहो, पण दादांना काय वाटेल?

"विचारून येतो," तो म्हणाला आणि त्याने थेट घर गाठलं.

दादा खिडकीपाशी खुर्चीत होते, मांडीवर टॉवेल. समोर उभं राहून तो सगळं भडाभडा बोलला. शेवटी म्हणाला, "एकदा नट म्हणाला असतात तर काय झालं असतं, दादा? त्याऐवजी मला घालून पडद्यावर गेलात."

दादा त्याच्याकडे बघत होते. डोळ्यांकडे नाही. गळ्याच्या शिरेकडे, हनुवटीखालून फिरणाऱ्या अंगठ्याकडे. मग त्यांनी धड असलेला हात उचलला आणि तर्जनी हवेत गोल फिरवली. सेटवर तीच खूण: पुन्हा.

"अजून घेताय?" तो म्हणाला.

दादा हसले. हसू निम्म्याच तोंडावर आलं. उरलेलं निम्मं ओल्या कपड्यासारखं लोंबत राहिलं, ओठाच्या कोपऱ्यात लाळ जमली, आणि हसू विझल्यावरही जिवंत बाजूचा गाल क्षणभर हलत राहिला. आधी गाल, मग पापणी. हा क्रम आपण मनात टिपून ठेवला, हे त्याच्या लक्षात आलं आणि त्याला स्वतःची किळस आली. तरी नजर हलेना.

दादांना ते कळलं. त्यांनी जिवंत हाताने खुर्चीचा दांडा धरला, जोर लावला, आणि कण्हत कण्हत मेलेली बाजू खिडकीच्या उजेडात वळवली. तशीच धरून ठेवली. मान कापत होती, पण परत फिरली नाही. त्याला नीट दिसावं म्हणून.

फोन वाजला. निर्माता.

"नाव घाला," तो म्हणाला, आणि दादांवरची नजर न काढता स्टूल पुढे ओढलं.