आबांचा पाट

पार्सलवाला शुक्रवारी दुपारी येणार होता. तीन खोक्यांतलं एक ठेवायचं आणि दोन परत द्यायची, असं वृषालीने मागवतानाच कळवलं होतं. शुक्रवार उजाडला तरी कोणतं ठेवायचं ते तिला कळेना. एकात रंगीत चित्रांची पुस्तकं होती. दुसऱ्यात उतारे आणि खाली प्रश्न. तिसऱ्यात कार्डं, मागच्या बाजूला उत्तर छापलेली. तिन्हींवर लिहिलेलं मात्र एकच होतं : मूल समजून वाचायला शिकेल.

श्रेयाला समजत नव्हतं, हेच तर दुखणं होतं. पोरगी तिसरीची, पण पाच महिने घरीच. कार्तिकात शाळेच्या वाटेवर, ओढ्यापाशी, शेजारच्या जानकूच्या वासराला बिबट्याने भरदिवसा उसात ओढून नेलं. श्रेया पाठीवर दप्तर घेऊन दहा पावलांवर उभी होती. त्या दिवसापासून तिने उंबऱ्याबाहेर पाऊल टाकलं नाही. वस्ती पिंपळवंडी गावापासून लांब. रोज शाळेत पोचवायला कोण मोकळं असणार? म्हणून वृषालीनेच शिकवायला घेतलं. गणित जमलं. वाचन तर असं, की ऐकणाऱ्याने मान डोलवावी. पण काय वाचलंस विचारलं, की पोरगी नुसती तोंडाकडे बघत राही.

आदेशने, तिच्या बापाने, निकाल देऊन टाकला होता. "रविवारी मंचरच्या वसतिगृहाचा फॉर्म भरायचाय. तवर एक पान वाचून त्यात काय व्हतं ते मला सांगितलं, तर ठेवू घरी. न्हाई तर पाठवू. आपल्या मायेपायी तिचं वाटोळं करायचं का?"

आठ वर्षांची पोर. अजून आईचा पदर मुठीत धरल्याशिवाय डोळा न लागणारी.

"ये, हे वाच," वृषालीने उताऱ्यांचं पुस्तक उघडलं.

श्रेयाने मांडी घातली, पुस्तकाला हात लावून नमस्कार केला आणि खणखणीत आवाजात सुरू झाली. "गोदाने शेजारणीला वाटीभर मीठ दिले. शेजारीण वाटी परत द्यायला आली, तेव्हा तिच्या डोळ्यांत पाणी होते. गोदाने तिला आत बसवले आणि चुलीवर चहा ठेवला." आणि थांबली.

"गोदाने चहा का ठेवला?"

"गोदाने तिला आत बसवले आणि चुलीवर चहा ठेवला."

"अगं, ते कळलं. पण का?"

श्रेयाने तेच वाक्य पुन्हा वाचलं, जरा सुरात.

वृषालीचा धीर सुटला. तिने पुस्तक भुईवर आपटलं. "डोस्कं हाय का खोकं?" बोलून गेली आणि स्वतःच तोंडावर हात धरून रडायला लागली. पोरगीही रडू लागली.

सासू साळुबाई मेथी निवडत होती. "तिच्यावर कशाला वराडती?"

"मग काय करू, आत्या? परवा रविवार हाय!"

"अर्थ आबा सांगायचे," हुंदक्यांतून श्रेया म्हणाली.

साळुबाईने हातातली मेथी खाली ठेवली.

श्रावणात घरात पोथी लागायची. पहिलीपासून वाचायला श्रेया. एक ओवी वाचायची आणि थांबायची. मग पाटावर बसलेला हौशीराम, तिचा आजा, अर्थ सांगायचा. तो सांगून झाला की पुढची ओवी. वाचणारा वेगळा, सांगणारा वेगळा, हीच घरातली रीत. वासराच्या आधी आठच दिवस हौशीराम गेला. पोरगी वाचून थांबत होती ती कुणीतरी सांगेल म्हणून, आणि घरच्यांनी तिला मठ्ठ ठरवलं होतं.

बाहेर पार्सलवाल्याने हॉर्न वाजवला.

"कंच्यात अक्षरं मोठी हायती?" साळुबाईने विचारलं.

"कार्डांत. का वो?"

"तेवढं ठेव. आता मी वाचणार."

साळुबाई अक्षरं शिकली छप्पन्नाव्या वर्षी, साक्षरतेच्या वर्गात. तिने भिंतीला टेकवलेला पाट मांडला. "बस. मी वाचते, तू सांग."

"तो आबांचा हाय."

"मग आबांचं काम कुणी करायचं? मला एक वळ वाचताना धाप लागती. अर्थ कवा सांगू, मेल्यावर?"

श्रेया रडता रडता हसली आणि पाटाच्या कडेवर टेकली.

पण शुक्रवारी काही जमलं नाही. शनिवारीही नाही. आजी बोट फिरवत एकेक अक्षर जोडायची आणि पाटावरची नात ऐकलेलंच परत म्हणायची. शनिवारी संध्याकाळी वृषालीने श्रेयाचे दोन फ्रॉक घडी करून पिशवीत ठेवले. मग काढले. मग परत ठेवले.

रविवारी आदेश उसाला पाणी देऊन आला, दारात उकिडवा बसला. मांडीवर फॉर्म, हातात पेन. वृषालीने कार्ड पुढे केलं.

"ते नगं. पाठ करून घेतलं असशील." त्याने खिशातून वनखात्याचा बिबट्याबद्दलचा कागद काढला. पाण्याच्या पाळीवर जाताना सगळ्यांना वाटलेला. "हे वाच."

श्रेयाने तो मनातच वाचला. नुसते ओठ हलले. 'उसाजवळ वाकून किंवा बसून काम करू नका. लहान मुलांना एकटे सोडू नका.' वाचून ती उठली आणि पाटावर जाऊन बसली. या खेपेला पुरती, मांडी घालून. वृषालीने पदर दातांत धरला.

"काय लिवलंय?" आदेश म्हणाला.

"वासरू वाकून पाणी पीत व्हतं. म्हणून त्याला नेलं. मी उभी व्हते, म्हणून मला न्हाई नेलं."

"असं लिवलंय त्यात?"

"लिवलं न्हाई. अर्थ तो हाय." मग पाटाची कड नखाने खरवडत म्हणाली, "मी वराडले न्हाई म्हणून नेलं, असं मला वाटायचं."

पाच महिने घरात बसलेल्या पोरीला हे कुणी विचारलंच नव्हतं. दारात उकिडवा बसलेला आदेश हळूच उभा राहिला. मांडीवरचा फॉर्म खाली पडला, तो त्याने उचलला नाही.

"दुसरं वाक्य राह्यलं," श्रेया म्हणाली. "लहान मुलांना एकटं सोडू नका. त्याचाबी अर्थ सांगू का, पप्पा?"

"नगं," आदेश म्हणाला. "समजला."