दुपारी तापणारा फोन

"गेला! परत मेला तोंड काळं करून बसला."

इस्त्रीवाली हे अगदी तोंडातल्या तोंडात पुटपुटली होती. वाफेच्या फुसफुशीत ते विरून जायला काहीच हरकत नव्हती. पण शेजारच्या टेबलाशी डागवाल्या काकू उभ्या होत्या. शाई, गंज, वंगण, कसलेही डाग काढण्यात त्यांची हयात गेली होती. डोळ्यांना आता जाड चष्मा लागत होता, कान मात्र अजून तरणेताठे होते.

"मालकाला म्हणतेयस की फोनला?" ब्रश न थांबवता त्यांनी विचारलं. "म्हणजे मला बाजू कुणाची घ्यायची ते ठरवायला बरं."

"फोनला हो. आधी पांढराफटक पडतो, मग काळा. रोज दुपारी. अगदी नेम धरून."

तिने इस्त्री उभी केली आणि भिंतीला टेकवलेल्या आपल्या फोनवर बोट दाबलं. घरचा फोन बंद. शर्टाची एक बाही कडक ताठ झाली होती, दुसरी अजून लोळागोळा होती. ती तशीच टाकून तिने चपला पायांत सरकवल्या.

"मालक, आलेच."

गल्ल्यावरच्या मालकाने मान वर केली नाही. तसा वाईट नव्हता माणूस. पण गेले काही दिवस तो तिच्याशी जरा जास्तच सभ्यपणे बोलायला लागला होता, आणि तिला त्याचीच धास्ती वाटत होती. "ताई, असं मधेच जावं लागणार असेल तर आपण एकदा बसून बोलायला हवं," तो म्हणाला. बसून काय बोलतात हे तिला चांगलं ठाऊक होतं.

घर मागच्याच गल्लीत होतं, म्हणून तर सगळं निभत होतं. आई एकदा रिकामं पातेलं पेटत्या शेगडीवर ठेवून झोपून गेली होती. पातेल्याचा कोळसा झाला, घर थोडक्यात वाचलं. त्यानंतर इस्त्रीवालीनेच ही युक्ती काढली. आपला जुना फोन स्वयंपाकघरातल्या फळीवर बरणीला टेकवायचा, नवा लॉन्ड्रीत भिंतीला, आणि दिवसभर व्हिडिओ चालू, इकडून आई दिसे, तिकडून लेक. एक डोळा कॉलरवर, एक आईवर. तिने इथून "आई, शेगडी!" म्हणून हाळी दिली की तिथे आई शेगडी बंद करायची आणि इथे गल्ल्यापाशी उभं असलेलं गिऱ्हाईक दचकायचं. भावालाही युक्ती फार आवडली. तो लांबच्या गावी मोठमोठी यंत्रं चालवायचा, सणासुदीला यावं तसा यायचा आणि आला तसाच जायचा. "ताई, तुझं डोकं म्हणजे डोकं आहे," तो म्हणाला होता. डॉक्टरांनी आईच्या दुखण्याला एक लांबलचक नाव दिलं होतं. ते घरात कुणी उच्चारत नसे. घरात त्याला 'विसरणं' म्हणत.

ती धापा टाकत पोचली तेव्हा आई टेबलाशी बसली होती. हात मांडीवर, पाठ सरळ. दुसऱ्याच्या घरी आलेल्या पाहुण्यासारखी. फोन बरणीला टेकलेला, जागच्या जागी. तिने उचलला आणि पटकन या हातातून त्या हातात घेतला. इस्त्रीच्या तळाने शरमावं असा तापला होता.

"काय झालं होतं आई?"

"काय व्हायचंय? बसलेय की. तू आज लवकर कशी?"

त्या संध्याकाळी ती फोन घेऊन मोबाईल दुरुस्तीच्या टपरीत जाऊन बसली. तिथल्या पोरगेल्या माणसाने पाठ उघडली, आत फुंकर मारली, आणि दिवसभर व्हिडिओ चालू असतो हे ऐकल्यावर हातच जोडले.

"मावशी, दिवसभर बोलून माणूससुद्धा तापतं."

"मावशी कुणाला म्हणतोस? आणि आम्ही बोलत नाही, बघतो. तो थंड कसा राहील ते सांग."

त्याने बॅटरी बदलली. नको ती ॲपं काढली, जाड कव्हर काढून टाकायला लावलं. "आता नाही तापायचा," तो म्हणाला. "आणि तापलाच, तर दोष याच्या आत नाही, बाहेर शोधा."

घरी येऊन तिने आपल्याही डोक्याने भर घातली. बरणीऐवजी स्टीलच्या उपड्या वाटीचा टेकू दिला, कारण स्टील गार राहतं. फळी शेगडीपासून आणखी लांब सरकवून ठोकली. जन्मभर उष्णतेशीच व्यवहार असलेली बाई ती. रेशमाला किती, सुताला किती, हे बोटाला विचारून सांगणारी. एवढ्याशा पाटीएवढ्या यंत्रापुढे हार मानायची तिची तयारी नव्हती. फोन राहिला तर नोकरी राहणार होती, आणि नोकरी राहिली तर आई घरात राहणार होती. नाहीतर भाऊ हल्ली वृद्धाश्रमाचं नाव न घेता जिला "तशी सोय" म्हणायचा, ती होतीच.

दुसऱ्या दिवशी दुपारी तिने ठरवून टाकलं, आज नजर हलवायची नाही. पडद्यांचा ढीग बाजूला सारला. वाफेचं यंत्रही बंद केलं. रोज त्याच्या फुसफुशीत फोनचा आवाज ऐकूच यायचा नाही. अचानक शांतता झाली तसे काकूंनी चष्म्यावरून पाहिलं.

"काय गं, संप?"

"श्श."

फोनात आई टेबलापाशी बसली होती. मग उठली. फळीजवळ आली, इतकी जवळ, की नुसतं नाक आणि चष्मा दिसायला लागला.

"किती घामाघूम झालीय पोर," आई म्हणाली. आवाज स्वच्छ ऐकू आला. "त्या वाफेत उकडून काढतात मेले दिवसभर. ये, बस जरा वाऱ्याला."

मग फोनच्या पडद्यावर तळहात आला. छत फिरलं, दिव्याची वायर फिरली, आणि सगळं पांढरंफटक झालं. बाहेरचं भर दुपारचं आभाळ.

"लागतंय ना गार?" आभाळातून आईचा आवाज आला. "बस अशीच. घाई नाही कसली."

काकूंचा ब्रश एका कॉलरवर नुसताच टेकून राहिला. दोघींनाही कळायचं ते कळलं होतं.

"चला," काकू म्हणाल्या, "फोन बिघडलेला नाही म्हणायचा."

"नाही."

"जा तू. मालकाला मी बघते."

ती घरी पोचली तेव्हा आई खिडकीशी उभी होती. फोन गजांना टेकवलेला, त्याचं तोंड बाहेर, आणि त्यावर दुपारचं ऊन नुसतं ओतत होतं. तो केव्हाच बंद पडला होता. आई वर्तमानपत्राची घडी करून त्याला हळूहळू वारा घालत होती.

"झोप लागली बिचारीला," दारात पाऊल वाजलं तशी ती कुजबुजली. "आता आत नेऊन ठेवते."

आणि वळली.

दारात लेक उभी, घामाने निथळत. आईने तिच्याकडे पाहिलं, मग हातातल्या घडीकडे, मग फोनकडे. पुन्हा लेकीकडे. चेहऱ्यावर काहीतरी जुळत गेलं, आणि जुळल्यावर तो चेहरा इतका लहान झाला, की लेकीने पटकन मान फिरवून पाण्याचा पेला शोधायला घेतला.

"ऊन फार आहे ना खिडकीत," ती म्हणाली. "फोनला सोसत नाही ते. एवढंच झालं."

"हो का?" आई म्हणाली आणि घडी उलगडून पेपर सारखा करत बसली.

लेकीने आपल्या फोनवरून भावाला फोन लावला, स्पीकर चालू करून टेबलावर ठेवला, कारण हातांना काम हवं होतं. ट्रंकेतून सुतळी काढली, स्टुलावर चढली.

"म्हणजे फोन चांगला आहे तर!" भावाच्या आवाजात केवढी सुटका होती. "मग सोपं आहे ताई. खिडकीला जाड पडदा लाव."

"लावते."

"नाहीतर फोन फळीलाच बांधून टाक ना. काढताच यायला नको."

"तेच करतेय. निरगाठ मारते."

"झालं तर मग! उगाच आपण काळजी करत होतो. आई बरी आहे ना?"

"बरी आहे. इथेच आहे."

आईने उठून स्टूल धरलं होतं. लेक कुठेही चढली की ती असंच धरायची, पहिल्यापासून. दोन्ही हातांनी, घट्ट. सुतळीचा एक वेढा झाला, दुसरा झाला.

"नको बांधूस," आई म्हणाली.

"का गं?"

"सोडीन मी."

"निरगाठ आहे आई. सुटायची नाही."

"मग कापीन. त्यात सुरी घेईन हातात." आईचा आवाज अगदी नेहमीचा होता. भाजी निवडताना हिशोबाचं बोलावं तसा. "आत्ता कळतंय मला. तू हीच. फोनात कुणी नसतं. आत्ता अगदी नीट कळतंय. पण दुपारी तू आत असतेस गं, आणि तुला उकडत असतं. मी कशी बघत बसू?"

भाऊ कामावर होता, फोनातून कुठलं तरी यंत्र घरघरत होतं.

इस्त्रीवालीच्या हातात सुतळीची दोन टोकं होती. ती बांधेना आणि सोडेनाही.

"आई, मी काहीतरी काढते युक्ती. पेटी करते फोनला, गजांची. नाहीतर मालकाला सांगून दुपारचं..."

"उतर खाली."

ती उतरली. आईने स्टूल सोडलं आणि तिचं मनगट धरलं. इस्त्रीच्या जुन्या चटक्यांवरून अंगठा फिरवला, एकेक ओळखीचा असल्यासारखा. मग टेबलावरच्या फोनकडे वाकून, लांब असलेल्या माणसाला ऐकू जावं म्हणून जरा मोठ्याने म्हणाली,

"तूही ऐक रे. मी आता एकटी राहू शकत नाही."