बंकटची पोटरी आणि विहिरीतला हात

मी एक जुनी पोटरी आहे. मित्रांनो, माझ्यात बंकटच्या प्राणवायूची कोठी आहे. कोठी म्हणजे, दोन-चार श्वासांपुरता माल मावतो.

माझ्या मांसात मायोग्लोबिन नावाचं प्रथिन आहे. माझा लाल रंग त्याचाच. फुप्फुसातला प्राणवायू रक्त माझ्यापर्यंत आणतं, हे प्रथिन तो घेऊन धरून ठेवतं आणि टंचाई पडली की सोडतं. कोठी पुन्हा भरायची तर बंकटनं वर बसून नीट श्वास घ्यायला हवा.

बंकट युसूफ वडगावकडच्या विहिरींत बुड्या मारून पडलेलं काढून देतो. बादल्या, पाणी उपसायच्या मोटारी, कधी माणसं. त्याचा धाकटा भाऊ सोमनाथही हेच करायचा. एका विहिरीत तो बुडून मेला, त्याला बंकटनंच वर काढलं. तेव्हा त्याची पोटरी मला घासून गेली. ती गार पडली होती. पाण्यातल्या आसरेनं, त्या जलदेवतेनं, त्याचा पाय धरला, असं गावानं ठरवलं.

यंदा त्याच विहिरीत सुंदररावांची मोटार पडली. बंकटच्या बायकोनं, भिवराबाईनं, आसरेसाठी काठावर हिरव्या बांगड्या ठेवल्या. चार-पाच बुड्या झाल्या. मोटार गाळात रुतलेली.

"मालक, जरा वर बसून दम खातो."

"खुळा हायस का बे?" सुंदरराव म्हणाले. "वस्तू निघायच्या आदी अंग सुकलं की आसरा खवळती. तूच सांगत फिरतो की!"

"खवळू द्या तिला!" भिवराबाई ओरडली. "आवो, या वर तुमी!"

अंग सुकू न देण्याचा नेम बंकटच्याच घरातला होता. तो पुन्हा बुडाला.

मोटारीला दोर बांधून झाला आणि माझी कोठी संपली. त्यानं पाय मारला, मी हलले नाही. तेव्हा तो वाकला आणि माझ्याभोवतीचा हात सोडवू लागला. हात नव्हता. तो एकेक बोट उकलत होता.

वरच्यांनी दोर ओढला, म्हणून दोराला धरून तो वर आला.

"आसरा न्हाई," तो म्हणाला. "सोमनाथचा हात व्हता. लई गार."

मित्रांनो, कोणी धरलं नव्हतं. मी रिकामी होते. सोमनाथही तळाशी अशीच बोटं उकलत राहिला असेल, हे माझ्या मनातून जात नाही. तुमच्या पोटऱ्या थकल्या तर त्यांना थोडा वेळ द्या, पोटभर श्वास द्या.

बंकट आता बांगड्यांशेजारी सोमनाथसाठी एक बिडीही ठेवतो. बुड्यांच्या मध्ये वर बसत नाही.