बिनदाराची भिंत

रामलिंग शेवटी खिडकीतून बाहेर आला. वायरमनच्या शिडीवरून, पाठमोरा, ड्रिल मशीन खांद्याला अडकवून आणि मोबाइल दातात धरून. खाली क्लासची पोरं टाळ्या वाजवत होती. असं काही घडलंच नाही, असं पुढे दोन्ही घरांनी बसून ठरवलं. तेव्हा आपणही ती शिडी वायरमनला परत देऊ आणि सकाळपासून सुरू करू.

सकाळी मल्लिनाथ सुतार लातूरच्या एका क्लासच्या रिकाम्या हॉलमध्ये गुडघ्यांवर बसून जळत होता. बघणाऱ्याला तो फरशीवर सूत मारताना दिसला असता. गेरूत बुडवलेली दोरी त्याने ताणली, चिमटीत उचलून सोडली आणि फरशीवर तांबडी रेघ उमटली. रेघेच्या अलीकडे डॉक्टर होणारी पोरं बसणार होती, पलीकडे इंजिनिअर होणारी, आणि रेघेवर लाकडी पार्टिशन. जिना डॉक्टरांच्या बाजूला होता. म्हणजे इंजिनिअर व्हायचं तर आधी डॉक्टरांमधून जावं लागणार, आणि त्यासाठी पार्टिशनला दार लागणार.

काम रामलिंगचं होतं. रामलिंग म्हणजे मल्लिनाथचा साडू, बायकोच्या धाकट्या बहिणीचा नवरा. मल्लिनाथ मुदखेडचा, निम्म्या गावाच्या चौकटी त्याच्या हातच्या. पण घराला चौकट एकदाच लागते, आणि क्लासला पार्टिशन दर उन्हाळ्यात. त्यामुळे लातूरच्या रामलिंगकडे चारचाकी होती आणि मल्लिनाथकडे अनुभव. माणूस कमी पडून राहिला, या की साडूभाऊ मदतीला, असा रामलिंगचा फोन आला तेव्हा मल्लिनाथ दोन दिवस फुगून बसला आणि तिसऱ्या दिवशी हत्यारं घेऊन निघाला.

निघण्याचं कारण टोपी. आपल्याकडे चौकट उभी राहिली की तिची पूजा होते, नारळ फुटतो आणि ती बसवणाऱ्या सुताराला मालक टॉवेल-टोपी देतो. क्लासचे मालक उमाशंकर सर पार्टिशनच्या चौकटीचीसुद्धा पूजा करत. गेल्या वर्षीचा निकाल चौकटीमुळेच लागला असं त्यांचं मत होतं, आणि ते फिजिक्स शिकवत. अशा प्रत्येक टोपीचा फोटो रामलिंग स्टेटसला ठेवायचा. मल्लिनाथच्या टोप्या मोबाइलच्या आधीच्या. त्या खऱ्या होत्या, पण दिसत नव्हत्या.

रामलिंगच्या मात्र दिसत. मल्लिनाथची बायको सिंधु रोज संध्याकाळी तो फोटो दोन बोटांनी ताणून मोठा करायची आणि म्हणायची, टोपी किती शोभती न्हाई रामलिंगरावाला. एकदा मल्लिनाथ अर्ध्या भाकरीवरून उठला. तिच्या लक्षात आलं नाही, ती पुढचा फोटो ताणत होती. आपल्या डोक्यावर एक टोपी यावी, तिचा फोटो निघावा आणि सिंधुने तो दोन बोटांनी ताणावा, एवढ्यासाठी तो लातूरला आला होता.

जमिनीवरची पट्टी आणि छताची पट्टी त्याने शेजारी शेजारी मांडली. गुण्या लावून पेन्सिलीच्या एकाच ओढीत दोन्हींवर खूण करायची आणि जिथे उभं लाकूड येणार तिथे फुली मारायची. दाराच्या जागी फुली नाही, तिथे मोकळं सोडायचं. तो त्या जागेपाशी आला तेवढ्यात रामलिंग फोनवर बोलत आला आणि फोनवर तळहात ठेवून म्हणाला,

"साडूभाऊ, उभे-आडवे समदे तुमीच करा. चौकट तेवढी मी बसवतो. सरानं टोपी माज्याच मापाची आणून ठिवली हाय."

"हाव," मल्लिनाथ म्हणाला.

मग त्याने मोकळ्या जागेत एक फुली मारली. तिला एकटं वाटू नये म्हणून शेजारी अजून एक मारली. चौकटच नसेल तर टोपी ठेवणार कशाबद्दल, एवढा साधा विचार त्यात होता. इंजिनिअर होणाऱ्या पोरांचा विचार त्यात नव्हता.

खालची पट्टी रेघेवर बसली, वरची ओळंबा सोडून तिच्या बरोबर डोक्यावर. फुलीला फुली गाठून उभी लाकडं लागत गेली. प्रत्येकाला तो ओळंबा लावून बघायचा आणि दोरी लाकडापासून केसभरही ढळायची नाही. इतका सरळ सांगाडा त्याने आयुष्यात उभा केला नव्हता. जळणाऱ्या माणसाचा हात हलत नाही, असं निदान त्या दिवशी तरी दिसलं.

दोन लाकडांमधून आडवं होऊन जाता येत होतं, त्यामुळे रामलिंग फोन कानाला लावून आत-बाहेर करत होता. मग बोर्ड लावायला सुरुवात झाली. मल्लिनाथ बाहेरून, रामलिंग आतून. रामलिंग आता विचारील दार कुठाय म्हणून मल्लिनाथ वाट बघू लागला. उत्तर त्याने तयार ठेवलं होतं.

रामलिंगला दार नाही हे दुसऱ्याच बोर्डाला कळलं होतं. पण विचारलं असतं तर आपण ठेकेदार असून खुणांकडे एकदाही बघितलं नाही, हे कबूल करावं लागलं असतं, आणि तेही मुदखेडवाल्यापुढे. इकडून एक स्क्रू, तिकडून एक स्क्रू, असा त्यांचा संवाद चालला. शेवटचा बोर्ड राहिला तेव्हा फटीतून रामलिंगचा अर्धा चेहरा दिसत होता.

"काई राहिलं का?" मल्लिनाथने विचारलं.

"न्हाई. तुमचं?"

"माजंबी न्हाई."

मल्लिनाथने बोर्ड बंद केला.

उमाशंकर सर नारळ, टॉवेल आणि टोपी घेऊन आले. भिंत बघून आधी खूश झाले, कारण ती खरंच तितकी सरळ होती. मग बाजूला टेकवून ठेवलेली चौकट बघितली, पुन्हा भिंत बघितली आणि रामलिंग कुठे आहे असं विचारलं. भिंतीच्या आतून शांत आवाज आला,

"मी इंजिनिअरिंगला हाय, सर."

त्यानंतर ते शिडीचं झालं, म्हणजे झालं नाही.

रामलिंग धूळ झटकत पुन्हा वर आला तेव्हा मल्लिनाथ बोलणी खायला तयार उभा होता. थोडा उत्सुकही होता. बोलणी तर बोलणी, पण नाव घेऊन पडली असती. हे कुणी केलं, सरांनी विचारलं.

"माजीच चूक, सर," रामलिंग म्हणाला. "खुणा मी केल्या. साडूभाऊनं मी सांगितलं तसं केलं."

मल्लिनाथने तोंड उघडलं. पण सरांनी तोवर माफ करून टाकलं होतं. मोठ्या कामात असं होतं, रामलिंग, म्हणाले, भिंत मात्र काय सरळ घेतलीस. भिंत गेली हे मल्लिनाथला लगेच कळलं. चूकही गेली हे कळायला जरा वेळ लागला.

मग बोर्ड कापला, मधली दोन्ही लाकडं काढली, रामलिंगने चौकट बसवली. ती ओळंब्यात आहे का हे कुणीच बघेना, तेव्हा मल्लिनाथचा हात आपसूक पुढे गेला. तेवढ्यात फोटो निघाला. मधोमध टोपी, अगदी मापाची, शेजारी सर, खाली नारळ, आणि डाव्या कडेला मनगटापासून पुढचा एक हात, दोरी धरलेला.

मुदखेडला सिंधुने फोटो दोन बोटांनी ताणला. आधी टोपी मोठी केली. मग बोट डावीकडे सरकलं आणि थांबलं.

"ह्यो हात तुमचा हाय."

"कशावरनं?"

"नखावरनं. हातोडी बसून काळं झालतं ते." बराच वेळ ती हातच बघत होती. "वळंबा लई सरळ धरलाव वो."

ओळंबा कुणीही धरला तरी सरळच राहतो. पण हे तिला सांगावंसं त्याला वाटलं नाही.

दोन्ही घरांनी बसून काय ते ठरवलं. त्यानंतर मल्लिनाथने पोरीला, ऋतुजाला, समोर बसवून तिच्याकडून सरांच्या क्लासच्या नंबरवर मजकूर पाठवला. त्या नंबरवर फक्त ॲडमिशनच्या चौकशीला उत्तर मिळतं.

"प्रति, मा. संचालक साहेब. विषय : चूक नावे करून मिळणेबाबत. महोदय, आपल्या संस्थेतील लाकडी भिंतीस दरवाजा न ठेवण्याची चूक अर्जदाराने स्वतः, पूर्ण शुद्धीत, कुणाच्याही सांगण्यावरून नव्हे तर स्वतःच्या हाताने केलेली आहे. ती नजरचुकीने श्री. रामलिंग यांचे नावे लागली आहे. तरी सदर चूक त्यांचे नावावरून कमी करून अर्जदाराचे नावे करून मिळावी, ही नम्र विनंती. भिंत त्यांचेकडे राहिल्यास हरकत नाही."