जावेचं पोट दुखतंय

मुरगूडजवळच्या एका गावातली ही सन दोन हजारची गोष्ट. बायडाबाई सरपंच झाली त्या सकाळी तिची थोरली जाऊ धोंडुबाई चुलीपुढं शिरा हलवत होती. रवा करपत आला तरी तिचं लक्ष नव्हतं. बायकांच्या राखीव जागेसाठी पहिलं नाव निघालं होतं तिचंच. पण घरच्या पुरुषांनी ठरवलं, धाकटी सातवी शिकलेली, तिलाच उभी करू. धोंडुबाई तेव्हा हसून बरं म्हणाली आणि त्या दिवसापासून आतल्या आत जळत राहिली. खोटं कशाला बोला! जावेचं कौतुक ऐकायला देवाचं काळीज लागतं.

बाहेर हलगी कडाडू लागली. तेवढ्यात धोंडुबाईच्या बेंबीच्या वर कळ उठली. दरदरून घाम फुटला, डावा हात जड झाला. तिनं नवऱ्याला, गणपतरावांना, हाक मारली.

"अवो, पोटात लई दुखतंय. जीव घाबरा व्हायलाय."

"दुखणारच की!" गणपतराव बाहेरच्या सोप्यातून ओरडले. "जाऊ सरपंच झाल्यावर पोटात दुखायचं न्हाय तर काय व्हायचं?"

सोपा हशानं भरला. गुलालानं माखलेली बायडाबाईही हसली. जन्मभर थोरलीचे टोमणे खाल्ले होते तिनं. आज थोरलीला जळताना बघून तिला बरं वाटलं, अगदी मनापासून बरं वाटलं.

"ओवा खावा, आक्का," ती म्हणाली. "ह्ये दुखणं पाच वर्सं ऱ्हाणार हाय!"

धोंडुबाई शरमली. आपल्या मनातला मत्सरच असा बाहेर पडतोय, असं तिलाही वाटलं. असल्या दुखण्यावर औषध कुठल्या तोंडानं मागायचं? तिनं ओवा चावला आणि पंगतीला वाढायला उभी राहिली.

दुपारी वाढता वाढताच ती कोसळली. मग मिरवणुकीची जीप कोल्हापूरला धावली. दवाखान्यात डॉक्टरांनी ईसीजी काढला.

"हार्ट अटॅक आहे. बायकांना कधी कधी पोटातच दुखतं. रक्ताची गुठळी विरघळवायचं इंजेक्शन देतोय, पण ते लवकर दिलं तरच लागू पडतं. खरं सांगा, दुखायला कधी लागलं?"

"आत्ताच, सायेब," गणपतराव खाली बघत म्हणाले. "पंगतीत वाढताना."

दोष अंगाला लागू नये म्हणून माणूस किती सहज खोटं बोलतो! बायडाबाईलाही गप्प बसता आलं असतं. थोरल्या दिराचा शब्द खोडायची त्या घरात रीत नव्हती.

"खोटं हाय त्ये," ती म्हणाली. "सकाळपास्नं दुखतंय. ती सांगत हुती आन आमी हसत हुतो. मी बी."

डॉक्टरांचा चेहरा उतरला. इंजेक्शन दिलं, पण वेळ फार गेला होता.

संध्याकाळी धोंडुबाईनं डोळे उघडले. "बायडे, मी खरंच जळत हुते गं तुज्यावर," ती पुटपुटली. "म्हून माजं दुखणं मलाच खरं वाटलं न्हाय."

"जळा की, आक्का. रोज जळा. पर उठा."

ती उठली नाही. दुसऱ्या दिवशी गेली.

सुतक फिटल्यावर पहिली ग्रामसभा भरली. सगळ्यांना वाटलं, नव्या सरपंचबाई रस्त्याचं नाहीतर नळाचं बोलतील. बायडाबाई उठली. गणपतराव पुढच्याच रांगेत बसले होते. तिनं त्यांच्याकडं बघितलं, पण शब्द गिळला नाही.

"बाई दुखतंय म्हणाली की आधी दवाखान्यात न्यायची. ती जळतीया का सोंग करतीया, ते ती जित्ती परत आल्यावर इचारा."