माझी टाच आणि मैनाबाईचा कुकर

ही गोष्ट २०१९ सालच्या संक्रांतीची. साल पक्कं आठवतं, कारण त्याच्या आदल्या वर्षी आमच्या बालाघाटच्या महिला मंडळाने वाण म्हणून चहाची गाळणी लुटली होती, आणि त्याच्याही आदल्या वर्षी गाळणीच. घरात गाळण्या झाल्या पाच आणि चहा पिणारी माणसं दोन, मी आणि आमचे हे. तेव्हा अध्यक्ष दुर्गाबाईंनी जाहीर केलं, आणि सचिव म्हणून मी इतिवृत्तात लिहिलं, की यंदा वाण म्हणून हाडांची तपासणी द्यायची. एका औषध कंपनीचं मशीन येणार होतं. त्यात टाच ठेवली की हाड भरीव आहे की पोकळ ते मिनिटभरात कळतं म्हणे. प्रत्येकीने आपल्याबरोबर घरकाम करणाऱ्या बाईलाही आणायचं होतं. वर बक्षीस म्हणजे सगळ्यात मजबूत हाडांना पाच लिटरचा कुकर.

बाकीच्यांचं लक्ष कुकरकडे होतं. मला मात्र धडकी भरली होती.

त्याचं कारण डिसेंबरात घडलेलं. वारासिवनीहून आलेलं धान मी अंगणात वाळत घातलं होतं आणि त्याच्यावरूनच घसरले. मोडलं काहीच नाही, साडी तेवढी फाटली. पण आमचे हे, म्हणजे नीळकंठराव, सरकारी नोकरीत सदतीस वर्षं एकही खोटा अहवाल न दिलेले. त्यांनी फोनवर अनुरागला, आमच्या मुलाला, सगळं इत्थंभूत सांगितलं. अनुराग हैदराबादला चौदाव्या मजल्यावर राहतो. त्याने लगेच ठरवलं की हाडांची तपासणी करायची, आणि रिपोर्ट खराब निघाला तर घराला कुलूप लावून दोघांनी तिकडे यायचं.

मी एकदा तिथे बारा दिवस राहून आले होते. बाल्कनीतून दुसऱ्यांच्या बाल्कन्या दिसतात. लिफ्ट इंग्रजीत बोलते. बालाघाटला मला डोळे मिटूनसुद्धा कळतं की बैहरची बस निघाली की लांजीची आली. नॅरोगेजची छोटी लाइन बंद होऊन वर्षं झाली, पण दुपारी तिच्या वेळेला माझा कान अजून शिट्टीची वाट बघतो. ते सगळं सोडून मी बोलक्या लिफ्टबरोबर राहायला जाणार नव्हते.

तपासणीच्या दिवशी सकाळी मैनाबाई आली. सव्वीस वर्षं आमच्याकडे होती. वय बासष्ट, म्हणजे माझ्याहून पाच वर्षांनी लहान. लांजीकडच्या गावात पस्तिशीपर्यंत धानाची रोवणी, म्हणजे लावणी केलेली, डोक्यावर लाकडाचे भारे आणलेले. तिने भरलेला सिलिंडर उचलला आणि स्वयंपाकघरात नेऊन ठेवला. ते बघून माझ्या डोक्यात विचार आला. दुर्गाबाईंनी आम्हाला नंबरांच्या चिठ्ठ्या दिल्या होत्या, मला सतरा, तिला अठरा. नावं वहीत, मशीनवाल्याला फक्त नंबर माहीत.

मी म्हटलं, "मैना, तुझी चिठ्ठी मला दे. माझी तू घे."

"काहून?"

मी सगळं सांगितलं.

"म्हणजे माह्या हाडाईवर तुमी पास, अन् तुमच्या हाडाईवर मी फेल?"

"तुला फेल होऊन काय फरक पडतो? तुला कोण हैदराबादला नेतंय?"

"हौ, तेही खरं हाय. पण बाई, देवानं इचारलं त मी तुमचंच नाव सांगन."

मंडळाच्या हॉलमध्ये दुर्गाबाईंनी आधी मशीनला हळदीकुंकू वाहिलं आणि पाय ठेवायच्या जागी तिळाचा लाडू ठेवला. लोकेश नावाचा मशीन चालवणारा मुलगा लाडू उचलायचा की नमस्कार करायचा या विचारात पडला होता. शेवटी त्याने दोन्ही केलं. टाचेला तो थंडगार लेप लावायचा, की गुदगुल्यांनी बाई हसायची, की पाय हलायचा, की मशीन पुन्हा पहिल्यापासून.

मध्येच, मंडळाने बोलावलेल्या डॉक्टर मंजुषा बोलल्या. हाड म्हणजे सुकं लाकूड नव्हे, त्यात रोज बांधकाम चालू असतं. एक टोळी जुनं हाड फोडते, दुसरी नवीन भरते. तरुणपणी भरणारी टोळी जोरात असते. पाळी गेली की भरणारे रजेवर जायला लागतात आणि फोडणारे मात्र रविवारीसुद्धा कामावर हजर. मागून कोणीतरी म्हणालं, हे तर आमच्या ह्यांचंच खातं. डॉक्टर हसल्या आणि पुढे म्हणाल्या की शरीराचं कॅल्शियमचं कोठारही हाडच. रक्ताला कमी पडलं की ते हाडातून उचलून नेतं, विचारत नाही.

मग दुर्गाबाईंनी माइक घेतला. आकडा उणे एकच्या वर असेल तर हाड चांगलं, उणे अडीचच्या खाली गेला तर ठिसूळ, असं त्यांनी समजावलं. मी मैनाबाईच्या हाडांवर निर्धास्त बसले होते.

"पहिला नंबर, उणे शून्य दशांश चार. चिठ्ठी अठरा, मैनाबाई."

टाळ्या झाल्या. मैनाबाईने माझ्याकडे बघितलं. मी लाडवाकडे बघितलं.

"आणि सगळ्यात कमी, उणे तीन दशांश दोन. चिठ्ठी सतरा. आपल्या सचिव अलकनंदाताई. त्यांना उत्तेजनार्थ काठी."

अलकनंदाताई मीच. म्हणजे बदललेल्या चिठ्ठीवर माझ्या टाचेने कुकर जिंकला होता आणि तो मैनाबाईच्या हातात होता. माझ्या हातात चार रबरी पायांची काठी. आमचा दोघींचा फोटो काढून कोणीतरी मंडळाच्या ग्रुपवर टाकला. मी घराच्या फाटकाशी पोचायच्या आत तो हैदराबादला पोचला होता.

अनुराग चौथ्या दिवशी खोकी आणि चिकटपट्ट्या घेऊन हजर झाला. ह्यांनी लगेच आपला रेडिओ टॉवेलात गुंडाळला. चिठ्ठ्यांचं खरं सांगितलं, तर मंडळाच्या सचिवानेच मंडळाला फसवलं असं अख्ख्या बालाघाटात होणार. त्यापेक्षा दुसरी काही वाट निघेल अशी मी चार दिवस आशा धरून होते.

तिकडे मैनाबाईचा थाट वेगळाच. तिने कुकर मोहल्ल्यात फिरवून दाखवला. लांजीला भावाला फोन करून कळवलं की बालाघाटात सगळ्यात पक्की हाडं तिची. मी तिला एकीकडे घेऊन म्हटलं की बाई गं, ते आकडे माझे, तुझे उणे तीन आहेत, डॉक्टरकडे चल. तिला ते मुळीच पटलं नाही.

पाचव्या दिवशी सामान बांधणं चालू होतं. मी पाणी आणायला आत गेले आणि बाहेर येऊन बघते तर मैनाबाई डगमगत्या स्टुलावर चढून माळ्यावरचा पितळी हंडा खाली ओढते आहे. माझ्या तोंडून निघून गेलं.

"मैना, खाली उतर. ती ठिसूळ हाडं तुझी आहेत, माझी नाहीत."

अनुराग चिकटपट्टी हातात धरून वळला. "मतलब? आई, काय म्हणतेस?"

मग मी सगळं सांगितलं, चिठ्ठ्यांपासून लाडवापर्यंत. ह्यांनी रेडिओ टॉवेलातून बाहेर काढला आणि माझ्याकडे असं बघितलं की जणू मीच त्यांच्या खात्यात सदतीस वर्षं खोटे अहवाल देत होते. मैनाबाई अजून स्टुलावरच होती.

"माही हाडं ठिसूळ नाही, बाबू," ती वरून म्हणाली. "माह्याजवळ कुकर हाय."

अनुराग मटकन खोक्यावर बसला. खोकं चेपलं आणि तो आत गेला. त्याला बाहेर काढायला मैनाबाईच सगळ्यात आधी उतरली, हे एक बरं झालं.

दुसऱ्या दिवशी त्याने आम्हा दोघींना जीपने नागपूरला नेलं, मोठ्या मशीनवर. तिथे चिठ्ठ्या नव्हत्या आणि अनुराग दारातच उभा होता. आकडे तेच निघाले, थोडे इकडे तिकडे. परत आल्यावर आम्ही डॉक्टर मंजुषांकडे गेलो. मी विचारलं, इतकी मेहनत केलेल्या बाईची हाडं अशी कशी? त्यांनी मैनाबाईला चार प्रश्न विचारले. बाळंतपणं सहा. गर्भाशय बत्तिसाव्या वर्षी काढलेलं, अंडाशयांसकट, म्हणजे भरणारी टोळी तेव्हापासूनच रजेवर. जेवायला घरात सगळ्यात शेवटी.

डॉक्टर म्हणाल्या, "मेहनतीने हाड पक्कं होतं, खरं आहे. पण टोळीला काम दिलं आणि विटाच दिल्या नाहीत, तर ती बांधणार काय? दूध घेता का?"

मैनाबाई म्हणाली, कोरा चहा घेतो, तोच आवडते. आमच्याकडे ती सव्वीस वर्षं कोरा चहाच प्यायची. मी तिला दुसऱ्यांदा कधी विचारलं नव्हतं. माझ्या वडिलांच्या गोठ्यात तीन म्हशी होत्या, एवढंच माझ्या टाचेचं कर्तृत्व.

अनुरागने परतीचं एकच तिकीट काढलं, स्वतःचं. अंगणात धान वाळत घालायचं नाही, ही अट मी लगेच मान्य केली. मैनाबाईने सिलिंडर उचलायचा नाही, ही अट मान्य करायला तिला पंधरा दिवस लागले.

अनुराग अजून चौदाव्या मजल्यावरच आहे. दर दिवाळीला येतो आणि खोक्यावर बसत नाही. मी मंडळात सगळं कबूल करून सचिवपदाचा राजीनामा दिला होता. दुर्गाबाईंनी तो घेतला नाही, कारण बैठकीचं इतिवृत्त लिहायला दुसरी कोणी तयार नव्हती. कुकर परत घ्यायचा नियमही मंडळाकडे नव्हता. पुढच्या संक्रांतीला पुन्हा गाळणी लुटली, आता सहा आहेत. लोकेश रायपूरला नोकरीला लागला. काठीने हे शेवग्याच्या शेंगा पाडतात. धरायला उत्तम आहे म्हणतात.

मैनाबाईला डॉक्टरांनी रोजच्या दुधाखेरीज हाडांसाठी आठवड्याची एक गोळी दिली. सोमवारी सकाळी उपाशीपोटी घ्यायची, आणि त्यानंतर अर्धा तास आडवं व्हायचं नाही, वाकायचं नाही, नुसतं ताठ बसायचं. तो अर्धा तास ती आमच्या व्हरांड्यात ह्यांच्या वेताच्या खुर्चीत बसायची, झाडू मी मारायची आणि कोपऱ्यात राहिलेला कचरा ती बोटाने दाखवायची. मग मी दुधाचा चहा करून आणायची. पाच वर्षांनी डॉक्टरांनी गोळी बंद केली.

सोमवारची खुर्ची मात्र अजून बंद झालेली नाही. मी एकदा तसं सुचवून पाहिलं होतं. मैनाबाई ताठ बसूनच म्हणाली, "राहू द्या बाई, आता हाडाईले आदत पडली."