तीन नंबरचा ग्लास

तीन नंबरचा ग्लास नाकाशी नेला आणि विरूपाक्षला भर दुपारी नेसरीचा आपला द्राक्षमळा दिसायला लागला. पिकल्या पेरूचा वास आला. मांडवाखालून वाकून चालणारी बायको, गौराबाई दिसली, तिचा पदर वेलीला अडकलेला, तोही दिसला. त्यानं डोळे मिटून घेतले. आपलं लेकरू जत्रेत पाठमोरं असलं तरी कळतं, तसं त्याला कळलं, ही आपलीच बाग.

कोल्हापूरजवळच्या या वाइनच्या कारखान्यात त्याची तेरा वर्षं गेली होती. घर लिंगायताचं. नोकरीला लागताना गळ्यातल्या लिंगाला हात लावून आण घेतलेली, चव बघीन पण घोट गिळणार नाही. आजवर तो थुंकतच आला. पण जीभ अशी तल्लख, की साहेबलोकसुद्धा त्याच्या तोंडाकडं बघत बसायचे.

कारखाना आता फेसाळणारी वाइन करणार होता आणि तिच्यासाठी एकाच बागेशी पाच वर्षांचा करार व्हायचा होता. म्हणून तीन बागांच्या वाइनच्या ग्लासांवर नुसते आकडे. बागांची नावं पाकिटात बंद.

"आण्णा, बोला की," तरुण मॅनेजर राजशेखर म्हणाला.

"एक नंबर गडमुडशिंगीचा, थॉमसन जातीचा. काळं रान, नदीचं पाणी. मणी टपोरा, पण चव पाणचट. दोन नंबर शेनिन जातीचा, गगनबावड्याकडच्या उतारावरचा. पावसानं निम्मी बाग खाल्ली असंल, पण तिथं राती गार. कसा आंबट लागतोय बघा. बाटलीत पुन्हा साखर पडून फेस धरला, की ह्यो आंबटपणाच वाइन उभी धरंल."

"आणि तीन?"

तीन नंबरही शेनिनच. दोन्ही बागांची कलमं एकाच गाडीतून आलेली. फरक मातीचा होता, उन्हाचा होता, आणि आठ दिवसांचा होता. या वाइनला द्राक्ष आंबट असतानाच तोडायचं असतं, हे विरूपाक्षनं घरी दहादा सांगितलं होतं. पण गौराबाईच्या गळी उतरेल तर शपथ. "आंबट माल लोकांच्या दारात धाडायचा? तोंडावर थुकतील," म्हणत तिनं तोडणी आठ दिवस लांबवली. द्राक्षं अशी गोड झाली की मधमाशा हलेनात. आणि वाइन पार मऊ पडली.

करार हुकला तर बाग काढून ऊस लावायचा, हे घरात ठरलेलं. पहिले दोन उन्हाळे गौराबाईनं डोक्यावरून पाणी वाहून वेली जगवल्या होत्या. विरूपाक्षनं शब्द जरा फिरवला असता तर कुणाच्या बापाला कळलं नसतं. त्यानं ग्लास खाली ठेवला.

"तीन बाद," तो म्हणाला. "आंबटपणा न्हाई. फेस आला तरी लगेच बसंल."

राजशेखरनं पाकीट फोडलं, नाव वाचलं आणि घसा खाकरला. "आण्णा, ही तर तुमचीच बाग. वळीकली न्हाईसा व्हय?"

"वळीकली की."

सगळे गेल्यावर ग्लास धुवायचं काम त्याचंच. एक नंबर मोरीत ओतला. दोन ओतला. तीन नंबर ओतायला हात वळेना.  मग लिंगाला हात लावला, शिवा शिवा म्हणाला, आणि ग्लासातलं सगळं गिळून टाकलं.

गेटाबाहेरच्या लिंबाखाली गौराबाई डबा घेऊन बसली होती. निकाल ऐकायला सकाळच्या एसटीनं आलेली.

"काय झालं ओ?"

"बाग गेली."

ती जमिनीकडं बघत राहिली. "माल वाईट हुता?"

"माल लई गोड हुता. त्येच नडलं."

तो तिच्याजवळ टेकला. तिनं एकदम मान वळवून त्याच्याकडं बघितलं.

"तुमच्या तोंडाला कसला वास येतोय?"

"आपल्या बागंचा हाय."

 गौराबाईनं डब्याचं झाकण काढलं, भाकरी मोडली आणि निम्मी त्याच्या हातावर ठेवली.